शून्य-उत्सर्जन मालवाहू जहाजांची बांधणी : केंद्राच्या अर्थसाहाय्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

जहाजबांधणी अर्थसाहाय्य योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी ३१ मार्च २०३६ पर्यंत मुदतवाढ दिली असून तिच्यासाठी २४,७३६ कोटी रुपये ठेवले आहेत. हे साहाय्य जहाज विकत घेणाऱ्या कंपनीला नव्हे, तर ते बांधणाऱ्या भारतीय शिपयार्डला मिळते. म्हणून अर्जही शिपयार्डनेच बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालयाकडे करायचा असतो.

शून्य-उत्सर्जन जहाजे आपल्याकडे बांधून होतात, याबद्दल आता शंका उरलेली नाही. कोचीन शिपयार्डने २०२२ मध्ये नॉर्वेच्या आस्को कंपनीसाठी ६७ मीटर लांबीची, बॅटरीवर चालणारी दोन जहाजे बांधून दिली. मालाने भरलेले ट्रेलर ऑस्लोच्या खाडीपलीकडे नेण्यासाठी ती आहेत. पुढे याच शिपयार्डला सॅमस्किप कंपनीकडून हायड्रोजन फ्युएल सेलवरील (हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या उपकरणावरील) दोन कंटेनर जहाजांचे काम मिळाले. जागतिक जहाजबांधणीत भारताचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असताना ही संधी सोडणे परवडणारे नाही.

मुदतवाढीपूर्वीच्या योजनेत २०२३ च्या दुरुस्तीनंतर मिथेनॉल, अमोनिया किंवा हायड्रोजन फ्युएल सेलवर मुख्य इंजिनव्यवस्था असलेल्या जहाजांना ३० टक्के, तर विद्युत व हायब्रिड जहाजांना २० टक्के साहाय्याचा दर होता. नव्या मार्गदर्शक सूचनांत तो जहाजाच्या वर्गानुसार १५ ते २५ टक्के आहे. लहान सामान्य, मोठे सामान्य आणि विशेष असे वर्ग असल्यामुळे अर्जात जहाजाचा वर्ग आणि त्याची चालनयंत्रणा यांचे वर्णन काटेकोर हवे. करारात एक, आराखड्यात दुसरे आणि वर्गीकरण संस्थेच्या (जहाजाची बांधणी व सुरक्षितता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) कागदात तिसरेच, असे होता कामा नये.

पूर्वी पैसे जहाज सुपूर्द केल्यानंतर मिळत. आता ठरलेले टप्पे पूर्ण होतील तसे, तारणाच्या हमीवर, ते मिळतात. बॅटरी किंवा फ्युएल सेलसाठी मोठा खर्च बांधणीच्या सुरुवातीलाच करावा लागतो, त्यामुळे मला हा बदल टक्केवारीहून मोलाचा वाटतो. बँक हमीची तजवीज मात्र करारावर सही करण्यापूर्वीच करून ठेवावी.

सही झालेला बांधणी करार, तांत्रिक तपशीलपत्र, सर्वसाधारण आराखडा, टप्प्यांचे वेळापत्रक आणि वर्गीकरण संस्थेची पत्रे एकत्र ठेवावीत. स्वतंत्र मूल्यांकन बंधनकारक आहे. जुन्या पद्धतीत करारातील किंमत आणि मूल्यांकनातील रास्त किंमत यांपैकी जी कमी, तिच्यावर साहाय्य मोजले जाई, त्यामुळे केवळ करारात रक्कम फुगवून काही साधत नसे.

सर्वाधिक वेळ इंधनाच्या सुरक्षितता-मंजुरीत जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मिथेनॉलसाठी २०२० मध्ये, फ्युएल सेलसाठी २०२२ मध्ये आणि अमोनियासाठी २०२४ मध्ये अंतरिम मार्गदर्शन दिले आहे. या इंधनांचे नियम अजून घडत असल्याने पवईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या वर्गीकरण संस्थेशी किंवा ग्राहकाने निवडलेल्या संस्थेशी आराखड्याच्या पहिल्या मसुद्यापासूनच बोलणी सुरू करावीत.