इव्हेंट सिक्युरिटी सुपरवायझर व्हायचंय? फाइल कुठे अडते ते आधी बघा

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. 'सुपरवायझरचं लायसन्स' नावाचा कागद सरकार कुणालाही वैयक्तिक नावावर देत नाही. लायसन्स असतं एजन्सीचं. तुमची असते ती फाइल: प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय दाखला, वयाचा पुरावा, फोटो. तरी क्रिकेटचा किंवा गरब्याचा हंगाम आला की कुणीतरी 'लायसन्स काढून देतो' म्हणत पैसे घेतो आणि लॅमिनेशन केलेलं एक कार्ड हातात ठेवतो. त्या कार्डाला कायद्यात काडीची किंमत नाही.

कायदा म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, 2005. या धंद्यात सगळे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पसारा' (PSARA) म्हणतात. त्याच्या जोडीला राज्याचे नियम, केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांच्या धर्तीवरचे (केंद्राने 2020 मध्ये त्यांच्या जागी नवे आदर्श नियम आणले). या कायद्यात गार्डच्या व्याख्येतच सुपरवायझर येतो. म्हणजे गार्डला ज्या अटी, त्याच तुम्हाला. 'मी तर देखरेखीला असणार, मला धावायला कशाला लावता?' हा प्रश्न भरतीच्या दिवशी हमखास ऐकू येतो आणि त्याचं उत्तर या व्याख्येत आहे. बाउन्सर असा वेगळा प्रकारही कायद्याला माहीत नाही. काळा टीशर्ट घालून गेटवर उभा राहिलेला माणूस पगार घेऊन माणसांचं किंवा मालमत्तेचं रक्षण करत असेल, तर तोही या कायद्याखालीच येतो. एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी घेतलेल्या माणसांना सूट आहे, असंही कुठे लिहिलेलं नाही.

पात्रता थोडक्यात. भारतीय नागरिक, वय 18 पूर्ण आणि 65 च्या आत. कोर्टाने दोषी ठरवलेलं नसावं. सैन्य, पोलीस, सरकारी नोकरी किंवा आधीच्या एजन्सीतून गैरवर्तनावरून बडतर्फ झालेलं नसावं. पदवीची अट कायद्यात नाही. जाहिरातीत 'पदवीधर हवा' दिसलं तर ती त्या एजन्सीची किंवा आयोजकाची मागणी समजा. सैन्यदल, पोलीस किंवा होमगार्डमध्ये किमान तीन वर्षं सेवा झालेल्यांना सुपरवायझर नेमताना प्राधान्य द्यावं असं मात्र कायदाच सांगतो, त्यामुळे तो सेवेचा दाखला फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

वयाच्या पुराव्याला आधार कार्ड लावू नका. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला लावा. आणि दाखल्यावरची तारीख आधारवरच्या तारखेशी जुळते का, ते आज घरी बसून बघा. जुळत नसेल तर आधार दुरुस्त करून घ्या, दाखल्याच्या मागे लागू नका, ते काम फार लांबतं.

शारीरिक निकषांत पुरुषांना उंची 160 सेंटिमीटर, छाती 80 आणि फुगवून 4 जास्त. महिलांना उंची 150, छातीचं मोजमाप नाही. सहा मिनिटांत एक किलोमीटर धावता आलं पाहिजे, आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. पाय सपाट नसावेत, गुडघे एकमेकांना लागणारे नसावेत. दूरची नजर 6/6, चष्मा लावून चालते. रंगांधळेपणा मात्र चालत नाही, कारण बॅग तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर सगळा खेळ रंगांचा असतो. आता वैद्यकीय दाखला परत येतो तो इथेच. डॉक्टर लेटरहेडवर 'तपासले, प्रकृती उत्तम' असं एका ओळीत लिहून देतात. उंची नाही, छाती नाही, रंगदृष्टीचा उल्लेख नाही. असा दाखला टेबलावरूनच माघारी फिरतो. डॉक्टरांकडे जाताना हे निकष कागदावर लिहून न्या आणि प्रत्येकापुढे आकडा मागा. त्यांना राग आला तर येऊ द्या. शिवाय ही तपासणी दर बारा महिन्यांनी नव्याने करायची असते. दोन वर्षांपूर्वीचा दाखला कितीही छान फाइलमध्ये लावला तरी उपयोग नाही.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र

नियम म्हणतो, 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर, आणि हे सगळं किमान 20 कामाच्या दिवसांत विभागलेलं. हिशोब सरळ आहे, रोज आठ तास. तरी प्रमाणपत्रं कशी येतात बघा: वर 160 तास छापलेले, खाली तारीख सोमवार ते गुरुवार. चार दिवसांचे तास होतात 96. रात्रंदिवस डोळे उघडे ठेवले तरी 160 भरत नाहीत. छाननी करणारा कारकून बाकी काही वाचत नसेल, पण तारखा वाचतोच. ज्या संस्थेने असं प्रमाणपत्र दिलं ती फोन उचलत नाही, आणि भरलेली फी बुडते ती तुमची. म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेला राज्याच्या नियंत्रण प्राधिकाऱ्याची (एजन्सींना लायसन्स देणारा अधिकारी) मान्यता आहे का ते विचारा, मान्यतेच्या पत्राची प्रत डोळ्यांनी बघा, आणि वीस दिवस खरोखर जाणार असतील तरच पैसे भरा.

माजी सैनिकांनी आणि निवृत्त पोलिसांनी इथे विशेष लक्ष द्यावं. तुम्हाला प्रशिक्षण माफ नाही, कमी आहे: 40 तास वर्गात, 16 मैदानावर, किमान सात कामाच्या दिवसांत. वीस वर्षं बंदूक हाताळलेल्या सुभेदारसाहेबांना 'प्रमाणपत्र कुठंय?' असं विचारलं की त्यांचा पारा चढतो, आणि ते साहजिकही आहे. पण डिस्चार्ज बुक हा सेवेचा पुरावा आहे, प्रशिक्षणाचा नाही. होमगार्डच्या जवानांचा घोळ वेगळा. त्यांना नेमणुकीत प्राधान्य मिळतं, पण छोट्या अभ्यासक्रमाची सवलत माजी सैनिक आणि माजी पोलिसांपुरती आहे. दोन्ही सवलती एकच समजून सात दिवसांचं प्रमाणपत्र घेऊन आलेल्या होमगार्डला पुन्हा वीस दिवस बसावं लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट. अभ्यासक्रमात गर्दीचं नियंत्रण, प्रथमोपचार, आग विझवणं, स्फोटक वस्तू ओळखणं, ओळखपत्रं तपासणं हे सगळ्यांना असतं. 'नेतृत्व आणि व्यवस्थापन' हा भाग मात्र फक्त सुपरवायझरसाठी आहे. गार्ड म्हणून कोर्स केला असेल आणि आता बढतीवर नाव लागलं असेल, तर हा भाग झाल्याचा उल्लेख प्रमाणपत्रावर आहे का ते बघा. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता येणं हीसुद्धा अट आहे. फाडफाड बोलायचं नाहीये, पासवरचा झोन आणि नाव वाचता आलं की झालं.

चारित्र्य पडताळणी

निम्म्याहून जास्त रडगाणी इथली असतात. एजन्सीला तुमच्या चारित्र्याबद्दल खात्री करून घ्यावी लागते आणि त्यासाठी तुम्ही पडताळणीचा फॉर्म भरून देता. त्यात मागच्या पाच वर्षांत कुठे राहिलात ते लिहायचं असतं. आणि जितक्या जिल्ह्यांत राहिलात तितके फॉर्म, ही ओळ कुणी वाचत नाही. गाव बीड, मधली दोन वर्षं चाकणला कंपनीत, आता मुक्काम ठाण्यात, तर बीड, पुणे आणि ठाणे असे तीन फॉर्म. लोक फक्त आत्ताचा पत्ता लिहितात, ठाण्याचा अहवाल स्वच्छ येतो, आणि मग आधीच्या नोकरीच्या पत्रावर 'चाकण' दिसतं. त्यानंतर तुम्ही पत्ता विसरलात की लपवलात, यात फरक करायला कुणाला वेळ नसतो. सगळं लिहा. दोन महिने मामाकडे राहिला असाल तर तेही लिहा.

जुन्या पत्त्याचा पुरावा हा तर कुणाकडेच नसलेला कागद. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला, खोलीत सहा जण मिळून राहणाऱ्याला, साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्याला भाडेकरार कोण करून देणार? घरमालक भाडं रोख घेतो आणि सहीचं नाव काढलं की गप्प बसतो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सगळी माणसं स्वतःच्या नावाच्या लाइट बिलासकट राहत असावीत. अशा वेळी जे आहे ते गोळा करा: त्या काळातलं पत्ता असलेलं बँकेचं पासबुक, कंपनीचं नेमणूक पत्र, गॅसची पावती, मालकाने पोलिसांत केलेली भाडेकरू नोंदणी. मग अर्ज करण्याआधी त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जाऊन पडताळणी बघणाऱ्या अंमलदाराला दाखवा आणि यातलं काय धराल ते विचारा. अर्ज नाकारला गेल्यावर विचारण्यापेक्षा हे बरं.

ज्यांच्यावर कधीकाळी गुन्हा दाखल झाला होता त्यांच्यासाठी. कायद्याने अपात्र ठरतो तो दोषी ठरलेला. निर्दोष सुटलेला अपात्र नाही. पण पोलीस ठाण्याच्या नोंदीत कित्येकदा पुढचा निकाल चढलेलाच नसतो आणि अहवालात 'गुन्हा दाखल' एवढंच येतं. गावच्या भांडणात नाव गोवलं गेलं, सहा वर्षांपूर्वी निकाल लागून सुटका झाली, तरी फाइल अडलेली, अशी तरुण मुलं दर वेळी भेटतात. कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा आणि फॉर्मसोबतच जोडा. खटला अजून चालू असेल तर लपवू नका. एजन्सी त्यावर काय ठरवेल ते ठरवेल, पण लपवलेलं उघड झालं की बोलणंच संपतं.

मुदतींचा गोंधळ

तीन आकडे लोक एकमेकांत मिसळतात. नव्वद दिवस हे पोलिसांनी पडताळणीचा अहवाल देण्यासाठीचे. तीन वर्षं ही त्या अहवालाची वैधता. आणि साठ दिवस? कायद्यात साठ दिवस आहेत खरे, पण ते एजन्सीला, लायसन्स मिळाल्यापासून पुरेसे सुपरवायझर नेमण्यासाठी. 'रुजू झाल्यावर साठ दिवसांत कागद दिले तरी चालतात' ही समजूत यातूनच पसरली असावी. चालत नाही. प्रशिक्षण आणि पडताळणी नेमणुकीच्या आधी.

नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, हेही डोक्यात ठेवा. नवरात्रात काम हवं म्हणून गणपती उठल्यावर अर्ज करणाऱ्याला पोलिसांनी मनावर घेतलं तर मिळेल, नाहीतर कोजागिरी होऊन जाईल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या 2027 च्या सिंहस्थावर ज्यांची नजर आहे, त्यांनी चार-पाच महिने हाताशी ठेवून फॉर्म टाकावा, कारण त्या वेळी तुमच्यासारखे अर्ज ढिगाने असतील.

तुम्ही एजन्सीला काय विचारायचं

कागद फक्त तुमचेच तपासायचे असं नाही. एजन्सीने लायसन्स कार्यालयात सगळ्यांना दिसेल असं लावलं पाहिजे. त्यावर दोन गोष्टी वाचा: वैधता, जी पाच वर्षांची असते, आणि जिल्हे. लायसन्स एका जिल्ह्यासाठी, पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी किंवा सगळ्या राज्यासाठी घेता येतं आणि त्याप्रमाणे फी बदलते. फक्त पुण्याचं लायसन्स असलेल्या एजन्सीने तुम्हाला नेरूळच्या स्टेडियमवर पाठवलं, तर ते ठाणे जिल्ह्यात झालं. तिथे तपासणी आली की पहिला प्रश्न सुपरवायझरलाच विचारला जातो.

दुसरा प्रश्न, माझ्या हाताखाली किती माणसं? नियमाप्रमाणे एका सुपरवायझरमागे जास्तीत जास्त 15 गार्ड. ते वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील आणि एकट्याने बघणं शक्य नसेल, तर दर सहा जणांमागे एक. मोठ्या मैदानावर दोन गेट, पार्किंग आणि स्टेजची मागची बाजू अशी माणसं पसरलेली असतात, तिथे खरा आकडा सहाचाच आहे. पण खर्च वाचवायला एकाच नावावर चाळीस गार्ड लावले जातात. 4 जून 2025 ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 माणसं गेली ती गेटपाशीच्या चेंगराचेंगरीत. ड्युटी शीटवर चाळीस नावं दिसली तर सही करण्याआधी तिथल्या तिथे बोला. सही झाली की ती माणसं तुमची जबाबदारी.

सुरक्षा रक्षक मंडळाची नोंदणी हा वेगळा विषय आहे. ते मंडळ राज्याच्या 1981 च्या कायद्याखालचं, त्याची भरती वेगळी, कागद वेगळे. मंडळाचा नोंदणी क्रमांक पसाराच्या प्रशिक्षण प्रमाणपत्राऐवजी लावू नका.

निवड झाल्यावर फोटो ओळखपत्र एजन्सीनेच द्यायचं असतं. ते कामावर असताना कमरेच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर दिसलं पाहिजे. जॅकेटच्या आत लटकवलेलं धरलं जात नाही. शिट्टी दोरीसह डाव्या खिशात, दंडावर एजन्सीचा बिल्ला, छातीवर किंवा खांद्यावर हुद्दा. गणवेश पोलिसांसारखा किंवा सैन्यासारखा दिसता कामा नये. तसा घातला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एजन्सीने खाकीच्या जवळपास जाणारा शर्ट दिला तर लेखी हरकत घ्या.

अधिकारांबद्दलही स्पष्ट असा. तुम्ही पोलीस नाही. तुमच्यासमोर कुणी अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा केला तर कुठल्याही नागरिकाप्रमाणे त्याला पकडता येतं, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे विनाकारण उशीर न करता आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. कार्यक्रम संपेपर्यंत मागच्या खोलीत बसवून ठेवणं, मोबाइल काढून घेणं, माफीनामा लिहून घेणं यातलं काहीच तुमच्या अधिकारात नाही. महिलांची अंगझडती महिला गार्डच घेणार. त्या रांगेला महिला नसेल तर रांग सुरू करू नका, आयोजक कितीही घाई करू देत.

नोकरी सोडताना ओळखपत्र एजन्सीला परत करा आणि परत केल्याची पोच घ्या. हरवलं तर त्याच दिवशी लेखी कळवा, कारण तुमच्या नावाचं कार्ड गळ्यात घालून दुसरा कुणी गेटवर उभा राहिला तर पहिली चौकशी तुमचीच होईल.