शेण, कुंकू आणि केसांची दोरी : शीला गौडा यांच्या कामामागचा इतिहास

२००९ साली व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात शीला गौडा यांची 'बिहोल्ड' ही कलाकृती मांडली गेली. गाड्यांचे चकचकीत बंपर आणि त्यांना तोलून धरणारी, माणसाच्या केसांची सुमारे चार किलोमीटर दोरी. बंगळुरूत या दोन वस्तू एरवीही एकत्र दिसतात. आपल्याकडे गाडीला लिंबू-मिरची बांधतात, तिकडे दृष्ट लागू नये म्हणून बंपरला केसांची दोरी गुंडाळतात. हे केस नवस फेडताना देवळात उतरवलेले. लांब केसांना टोपवाल्यांकडे भाव मिळतो; आखूड उरतात, त्यांची दोरी वळली जाते.

गौडा मूळच्या चित्रकार. जन्म १९५७चा, कर्नाटकातल्या भद्रावतीचा. शिक्षण बंगळुरूचं केन स्कूल, मग बडोदा, शांतिनिकेतन आणि १९८६ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून चित्रकलेचीच पदवी. रोजच्या वस्तूंच्या कलेचा विषय निघाला की फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँने १९१७ साली कलाकृती म्हणून मांडलेल्या मुतारीपासून सुरुवात करायची रीत पडली आहे. इथे ती फारशी कामाची नाही. द्युशाँने तयार वस्तू घेऊन तिच्यावर सही ठोकली. गौडा वस्तू घेतात आणि तिच्यावर राबतात. त्यापेक्षा बडोद्यातले त्यांचे गुरू के. जी. सुब्रमण्यन जवळचे वाटतात. कारागिरी आणि कला अशी वाटणी सुब्रमण्यन यांनी कधीच मानली नव्हती.

खरं वळण आलं ते १९९२च्या डिसेंबरनंतर. बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत दंगली पेटल्या. ती हिंसा तैलरंगांत मावेना, तेव्हा गौडांनी शेण हाती घेतलं. पूजेला चालणारं, चुलीत जळणारं आणि रोज बायकांच्या हातांनी थापलं जाणारं. गाईच्या नावाने राजकारण होत असताना शेणच निवडणं हे मला त्यांचं सर्वांत धीट पाऊल वाटतं.

१९९८च्या आसपास 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' ही कलाकृती आली. सुईच्या नेढ्यातून लांबच लांब दोरा ओढून घ्यायचा, असे कितीतरी पदर एकत्र करून कुंकू आणि डिंकाने जोडायचे. तयार होतो लालभडक दोरखंड. सुया काढलेल्या नाहीत. टोकाला त्यांचा झुबका तसाच लोंबतो. लांबून शोभिवंत, जवळ गेलं की टोचेल असा.

'डार्करूम' (२००६) रस्त्यावरून आली. डांबराची रिकामी पिंपं चेपून त्यांच्या पत्र्यांचा रस्त्याचे मजूर निवारा उभारतात. गौडांनी त्याच पिंपांची आणि पत्र्यांची खोली केली, छताला बारीक भोकं पाडली. आत वाकूनच शिरावं लागतं.

२०१९ साली त्यांना मारिया लासनिग पुरस्कार मिळाला. लासनिग या ऑस्ट्रियाच्या नामवंत चित्रकर्ती. आणि गौडांना तोवर तैलरंग बाजूला ठेवून पाव शतक उलटलं होतं.