वेगळ्या गॅरेजला ऊब द्यायची, पण जपून
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

थंडी पडली की आमच्याकडे पहिली विचारणा येते ती “सगळ्यात मोठा हीटर कोणता?” अशी. आम्ही उलट विचारतो, “दाराखाली फट किती आहे?” घराला लागून असलेल्या गॅरेजला निदान एका भिंतीतून घराची ऊब मिळते. वेगळं उभं असलेलं गॅरेज मात्र चारही बाजूंनी वारा खातं आणि त्याचं दार बहुधा पातळ पत्र्याचं असतं. असं गॅरेज नुसत्या हीटरवर तापवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

आधी फटी, मग हीटर

भर दिवसा आत उभे राहा, दार लावा आणि दिवा बंद करा. जिथून उजेड दिसेल तिथून वाराही येतो. बहुतेक वेळा दाराच्या खालची रबरी पट्टी कडक होऊन चिरलेली असते आणि दोन्ही कोपऱ्यांत बोट जाईल एवढी जागा उघडी पडलेली असते. ती पट्टी बदलणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम आहे. त्यानंतर छताला ऊब अडवणारा थर लावा, कारण गरम हवा वर जाते. भिंती त्यानंतर.

या थरासाठी फोमचे बोर्ड लावणार असाल, तर ते उघडे ठेवू नका. पेटले तर झपाट्याने जळतात आणि धूर विषारी असतो. वरून जिप्सम बोर्ड हवाच. वर सरकणाऱ्या दाराला आतून जाड बोर्ड चिकटवताना आणखी एक भानगड असते: दाराची स्प्रिंग मूळ वजनाला जुळवलेली असते. वजन वाढलं की दार जड होतं, कधी धाडकन खाली येतं. ही स्प्रिंग प्रचंड ताणलेली असते, तिला घरच्या घरी हात लावू नका.

नेमकं काय उबदार ठेवायचंय?

पाण्याचा नळ, पाण्यात मिसळणारे रंग, डिंक गोठू नयेत एवढंच हवं असेल, तर 5 अंश सेल्सिअस पुरे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, पाइप फुटतो तो त्यामुळे. आत बसून सुतारकाम करायचं असेल, तर तेवढ्या वेळापुरते 15 अंश ठीक. चोवीस तास घरासारखी ऊब ठेवायची गरज आम्हाला तरी क्वचितच दिसते.

गाडी सकाळी पटकन सुरू व्हावी एवढाच हेतू असेल, तर अख्खं गॅरेज तापवण्याऐवजी इंजिनाला बसणारा हीटर घ्या. बॅटरी चार्ज ठेवा. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पूर्ण उतरलेली मात्र शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठू शकते. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकत असतील, तर आणखी एक गोष्ट: मीठ लागलेली ओली गाडी उबदार गॅरेजमध्ये थंड गॅरेजपेक्षा लवकर गंजते. आधी खालून धुऊन घ्या.

जाळ नको

कोळशाची शेगडी, रॉकेलचा किंवा गॅसचा धुराडं नसलेला हीटर, जनरेटर, चालू ठेवलेलं गाडीचं इंजिन: यातलं काहीही गॅरेजमध्ये नको. दार अर्धं उघडं असलं तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, झोप येणं अशी सुरुवात होते, आणि माणसाला वाटतं, थंडीनेच होतंय. असं काही जाणवलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग मदतीला फोन करा.

शिवाय हीटरमधला एक किलो प्रोपेन गॅस जळाला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती थंड भिंतींवर आणि तुमच्या हत्यारांवर दव होऊन बसते. गॅसच हवा असेल, तर जळण्यासाठी लागणारी हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा बंदिस्त हीटर जाणकाराकडून बसवून घ्या. गॅसच्या टाक्या आत ठेवू नका.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणून लाल होणारी कॉइल असलेला हीटर जमिनीवर ठेवू नये. ठिणगी किंवा ज्योत होऊ शकेल असं उपकरण जमिनीपासून किमान 45 सेंटिमीटर वर हवं. पेट्रोलचे कॅन शक्यतो दुसरीकडे हलवा.

विजेचा हीटर लावताना

आमची पसंती भिंतीवर किंवा छताला पक्का बसवलेला, थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारं बटण) असलेला विजेचा हीटर, त्याच्या स्वतंत्र लाइनवर. थोडाच वेळ काम करणाऱ्यांना इन्फ्रारेड बरा, तो हवा न तापवता समोरच्या माणसाला आणि टेबलाला ऊब देतो.

हलवता येणारा हीटर वापरत असाल, तर तो थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. 1500 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो, 120 व्होल्टवर साडेबारा. गुंडाळून ठेवलेली एक्स्टेंशन वायर एवढ्या भाराने आतल्या आत वितळू शकते. वीस मिनिटांनी हीटर बंद करून पिन काढा आणि हात लावून पाहा. पिन चटका देण्याइतकी गरम असेल किंवा सॉकेट पिवळसर पडलेलं असेल, तर वापर थांबवा. हीटर आडवा झाला की आपोआप बंद व्हायला हवा. चिंध्या, पुठ्ठे, रंगाचे डबे यांपासून एक मीटर अंतर ठेवा आणि झोपायला जाताना तो बंद करा.

घरापासून गॅरेजपर्यंत जाणारी केबल ही बहुतेकांच्या ध्यानातच नसते. ती दिवा आणि एखाद्या ड्रिलच्या हिशेबाने टाकलेली असेल, तर हीटरच्या भाराने तापते. लांब पल्ल्यावर व्होल्टेज पडतं ते वेगळंच. केबलची जाडी, अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर तपासल्याशिवाय आम्ही हीटर बसवत नाही.

रात्री तिथे कोणी नसतं, त्यामुळे आग लागली तर कळायला उशीर होतो. गॅरेजमध्ये धुराचा अलार्म गाडीच्या धुराने उगाच वाजत राहतो, म्हणून उष्णता ओळखणारा अलार्म बसवा, आणि तो घरात ऐकू येईल असा जोडून घ्या. इंधनावर चालणारा हीटर असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवा.

आम्हाला बोलावताना गॅरेजची लांबी, रुंदी, उंची आणि दाराचा प्रकार सांगा. घरातल्या बोर्डावरच्या गॅरेजच्या ब्रेकरचा फोटो पाठवलात, तर कोणती केबल सोबत आणायची हे आम्हाला आधीच कळेल.