काम झालं, आता कागद कोणता घ्यायचा?
घरातल्या विजेच्या कामाचे दाखले : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही हत्यारांची पिशवी आवरायला घेतली की ग्राहकांचा ठरलेला प्रश्न येतो, "बिलाबरोबर सर्टिफिकेट पण द्याल ना?" देतो, आणि तुम्ही ते मागता हे चांगलंच आहे. मात्र कोणत्या कामाला कोणता कागद लागतो, हे काम सुरू होण्याआधीच बोलून घ्यायला हवं. भिंतीत पाइप बुजले, वर गिलावा झाला, की आतलं काही बघता येत नाही आणि तेव्हा लिहिलेला दाखला अर्धवटच राहतो.

या कागदांची नावं आणि छापील नमुने देशोदेशी वेगळे असतात. पण अनेक देशांचे वायरिंगचे नियम आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग) ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेवर आधारलेले आहेत. काम पूर्ण झाल्यावरची तपासणी आणि पुढे ठरावीक काळाने करायची तपासणी, या दोन्ही गोष्टी तिच्या सहाव्या भागात येतात. त्यामुळे नाव काहीही असलं तरी कागद ओळखता येतो.

नवं काम, मोठं काम

संपूर्ण घराचं वायरिंग, डीबी (सगळी सर्किटं जिथून निघतात ती मुख्य पेटी) बदलणं, किंवा डीबीतून एखादं नवं सर्किट ओढणं (गिझर, एसी, गाडीचा चार्जर यांसाठी हेच लागतं) अशा कामाला पूर्ण स्थापना दाखला घ्या. त्यात आराखडा कोणी ठरवला, काम कोणी केलं आणि चाचणी कोणी घेतली या तीन जबाबदाऱ्या स्पष्ट लिहिलेल्या असतात. तिन्ही एकाच माणसाच्या असू शकतात, पण सही हवीच, आणि जिथे परवाना लागतो तिथे परवान्याचा क्रमांकही हवा. सोबत सर्किटांची यादी आणि प्रत्येक सर्किटाची मोजमापं जोडलेली असतात. ती पानं नसतील तर दाखला स्वीकारू नका.

छोटं काम

आहे त्याच सर्किटवर एखादा सॉकेट वाढवला, दिव्याचा पॉइंट सरकवला, तर किरकोळ कामाचा दाखला पुरतो. तो एकाच सर्किटापुरता असतो. स्वयंपाकघर आणि बेडरूम अशी दोन वेगळी सर्किटं असतील तर कागदही दोन. फुटलेला स्विच काढून तसाच नवा बसवला तर बऱ्याच ठिकाणी दाखला लागत नाही; आम्ही मात्र फेज (वीज आणणारी वायर) योग्य जागी आहे आणि अर्थिंग पोहोचतंय हे तपासून बिलावर तशी नोंद करतो.

छोटं काम म्हणून मोजमापं टाळायची नसतात. एका घरात आम्ही जुन्या सॉकेटच्या शेजारी दुसरा जोडायला गेलो होतो. प्लगमध्ये लावायच्या तीन दिव्यांच्या टेस्टरने सगळं ठीक दाखवलं. मग मेन बंद करून, न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) सुटा करून मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावला, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात चक्क शून्य! सॉकेट उघडला तेव्हा कळलं की अर्थची वायर तिथपर्यंत आलीच नव्हती. कुणीतरी अर्थच्या टर्मिनलपासून न्यूट्रलपर्यंत इंचभर वायरचा तुकडा जोडून ठेवला होता. अशा सॉकेटवर वॉशिंग मशीन चालू असताना मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो. त्या घरात लहान मुलं होती. तो तुकडा आम्ही काढला, अर्थची वायर डीबीपासून नव्याने ओढली आणि मगच दाखल्यावर सही केली.

"तुम्ही फक्त सही द्या"

दुसऱ्या कुणी केलेल्या कामावर स्थापना दाखला द्या, अशी विनंती आम्हाला नेहमी होते. अडचण आम्हाला समजते. जोडणी अडलेली असते, घराचा व्यवहार खोळंबलेला असतो. तरीही ती सही आम्ही करत नाही. भिंतीच्या आत जोड कुठे आहेत, वायर कोणत्या जाडीची घातली आहे, हे आम्ही पाहिलेलं नसतं. आणि त्या दाखल्याचा अर्थच 'हे काम आम्ही केलं किंवा होताना पाहिलं' असा असतो.

अशा वेळी योग्य कागद म्हणजे सद्यस्थिती तपासणी अहवाल. घर विकत घेताना, भाड्याने देताना, किंवा बरीच वर्षं वायरिंगकडे पाहिलंच नसेल तरी हाच घ्यावा. आजच्या घडीला वायरिंग कसं आहे, धोका कुठे आहे, लगेच काय दुरुस्त करायचं आणि काय पुढे ढकललं तरी चालेल, हे त्यात येतं. काय तपासता आलं नाही तेही त्यात लिहिलेलं असावं : कुलूपबंद खोली, छताच्या आतली वायर, बंद करता न आलेलं सर्किट. ही नोंद कोरी असेल तर जरूर विचारा, कारण राहत्या घरात सगळंच्या सगळं बघायला मिळणं जवळपास अशक्य असतं. आयईसीच्या मानकात घरांसाठी दोन तपासण्यांमध्ये १० वर्षांसारखं लांब अंतर चालू शकतं असं म्हटलं आहे, पण राहणारे बदलले की तपासणी करून घ्यावी असंही आग्रहाने सुचवलं आहे. तुमच्याकडच्या नियमात याहून कमी मुदत असेल तर तीच पाळा.

आकडे वाचायला शिका

दाखल्यावर 'ओके' किंवा नुसती बरोबरची खूण पुरत नाही. इन्सुलेशनची चाचणी ५०० व्होल्ट डीसीवर घेतात आणि नेहमीच्या घरगुती सर्किटाला निदान १ मेगाओम यावा लागतो. चांगल्या नव्या वायरिंगला याच्या कितीतरी पट येतो. जेमतेम १ आला तर ओल किंवा खरचटलेली वायर शोधायला हवी. ३० मिलीअँपिअरचा साधा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) तेवढ्याच गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत आपोआप बंद झाला पाहिजे, आणि तो वेळ कागदावर लिहिलेला असला पाहिजे. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण अधूनमधून जरूर दाबा, पण त्याने आतली यंत्रणा हलते एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही ते त्यातून कळत नाही.

एक खूण आम्ही सगळ्यांना सांगतो. फॉल्ट लूपच्या (बिघाड झाला की वीज ज्या वाटेने फिरते तिच्या रोधाच्या) रकान्यात सगळ्या सर्किटांसमोर एकच आकडा असेल तर शंका घ्या. डीबीजवळचा सॉकेट आणि घराच्या टोकाचा सॉकेट यांचा आकडा तंतोतंत सारखा येत नाही, कारण वायरची लांबी वेगळी असते. इन्सुलेशनच्या रकान्यात मात्र '२०० पेक्षा जास्त' असं ओळीने दिसलं तर घाबरू नका. काही मेगर तेवढंच दाखवू शकतात.

बिल म्हणजे दाखला नव्हे, स्विचच्या खोक्यातलं गॅरंटी कार्डही नव्हे. वीज कंपनीचं जोडणीपत्रही घरातल्या वायरिंगबद्दल काही सांगत नाही, तो कागद मीटरपर्यंतचा.

काम ठरवताना आम्हाला एवढं विचारा : या कामाला कोणता दाखला मिळेल, त्यावर सही कोणाची असेल आणि मोजमापांची पानं सोबत मिळतील का? उत्तर आम्ही कोटेशनवरच लिहून देतो. मूळ प्रत घराच्या कागदपत्रांत ठेवा, सर्किटांच्या यादीची एक प्रत डीबीच्या दाराला आतून चिकटवा. आणि गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा, पाइप दिसतील असा फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना किंवा वायर शोधताना तो आमच्याही कामी येतो.