शालेय नोंदींवरून लसीकरण व्याप्तीचे मापन

पहिलीत दाखल झालेल्या मुलांची लसीकरण कार्डे तपासून, त्या भागातल्या किती मुलांना ठरलेले डोस मिळाले हे काढण्याची पद्धत. अमेरिकेत किंडरगार्टन प्रवेशावेळच्या नोंदींवरून असे आकडे दरवर्षी काढले जातात.

टक्केवारीत छेद, म्हणजे एकूण मुलांची संख्या, महत्त्वाचा. पुण्यासारख्या शहरात तोच निसटतो: हडपसर, वाघोली, हिंजवडीकडे बांधकामावर आलेली कुटुंबे वर्षभरात मुक्काम हलवतात, आणि वस्तीत मुले नेमकी किती हे अंदाजानेच धरावे लागते. शाळेचा पट मात्र नावानिशी असतो. शिवाय सरकारी दवाखान्यात लस घेतलेले मूल आणि खासगी बालरोगतज्ज्ञांकडे फाइल असलेले मूल एकाच वर्गात बसते.

अडचण कार्डाची. समजा, ४० मुलांच्या वर्गात ८ जणांकडे कार्डच नाही आणि २८ कार्डांवर गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस आहेत. सगळा पट धरला तर व्याप्ती ७० टक्के, फक्त कार्डवाली मुले धरली तर ८७.५. कार्ड नाही म्हणजे लस नाही, असे होत नाही. म्हणून दोन्ही आकडे सोबत द्यावेत. गोवर रोखायला दोन डोसांची व्याप्ती ९५ टक्क्यांच्या वर लागते, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

हे डोस ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या वयात द्यायचे असतात. पहिलीतले कार्ड त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीची स्थिती सांगते. मात्र डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरील लस) दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांचा आणि टीडी (धनुर्वात व घटसर्पावरील लस) १० व १६ वर्षांची. त्यांच्यासाठी शाळेइतकी सोयीची जागा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेतही ९ महिने ते १५ वर्षांखालील मुलांपैकी शाळकरी मुलांना लस शाळेतच दिली गेली.

ही तपासणी प्रवेशाची चाळणी होऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. मग कार्डासाठी मूल दारातून परत पाठवणे गैरच. राहिलेल्या डोसांची यादी मुख्याध्यापकांनी आरोग्य केंद्राला द्यावी.

पटावर नावच नसलेली मुले या आकड्यात येत नाहीत, आणि लस चुकण्याची भीती त्यांच्याच बाबतीत जास्त. बारामती, इंदापूर, दौंडकडे ऊसतोडीच्या हंगामात आलेल्या टोळ्यांतली, वीटभट्ट्यांवरची मुले मोजायला आशा सेविकांना पालावरच जावे लागते.