देवदूत-छत

मध्ययुगीन इंग्लंडमधील चर्चच्या लाकडी छताचा एक प्रकार. छताच्या तुळयांवर पंख पसरलेल्या देवदूतांच्या कोरीव मूर्ती बसवलेल्या असल्याने हे नाव पडले. अशी छते मुख्यतः १३९० ते १५३० या काळात झाली आणि त्यांपैकी बहुतेक पूर्व इंग्लंडमधील नॉरफोक, सफोक व केंब्रिजशायर या परगण्यांत आढळतात.

या प्रकाराचे सर्वांत भव्य आरंभीचे उदाहरण मात्र चर्चमधले नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्यातील सभागृहावर राजा दुसऱ्या रिचर्डसाठी ह्यू हर्लंड या सुताराने १३९० च्या दशकात ओकचे छत चढवले. सुमारे २० मीटर रुंदीच्या त्या दालनात मधे एकही खांब नाही. एवढ्या लांबीची अखंड तुळई मिळणे अशक्यच होते. म्हणून हॅमरबीम नावाच्या आखूड तुळया दोन्ही भिंतींतून पुढे काढून, त्यांना खालून कमानदार टेकू देऊन आणि त्यांच्यावर उभे खांब रोवून वरचा भार भिंतींवर उतरवला. अधांतरी संपणाऱ्या या तुळयांच्या टोकांवर राजचिन्हाची ढाल धरलेले देवदूत कोरले. किंग्ज लिन येथील सेंट निकोलस चॅपेलमध्ये हेच देवदूत वाद्ये वाजवताना दिसतात, तर केंब्रिजशायरमधील मार्च या गावच्या सेंट वेन्ड्रेडा चर्चमध्ये त्यांची संख्या शंभराच्या वर जाते.

मूळ रंग पाहायचा तर सफोकमधील ब्लिथबर्ग गाठावे. तेथील छत हॅमरबीमचे नसून कमी उताराचे आहे. वाशांवर फिकट पार्श्वभूमीवर लाल-हिरवी फुले आणि येशूच्या नावाची आद्याक्षरे रंगवलेली आहेत, तर आडव्या तुळयांच्या मध्यावर पाठीला पाठ लावलेले देवदूत एक पूर्वेकडे व एक पश्चिमेकडे तोंड करून आहेत.

सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मूर्तिभंजकांच्या हाती खिडक्यांच्या काचा व पुतळे सहज लागले. छत उंचावर असल्याने बरेचसे वाचले. चर्चमधील मूर्ती व चित्रे नष्ट करण्यासाठी नेमलेल्या विल्यम डाउसिंगने ९ एप्रिल १६४४ रोजी ब्लिथबर्गमधले वीस देवदूत उतरवण्याचा हुकूम दिला, तरी छतावरचे बहुतेक जागेवरच राहिले. त्यांच्या लाकडात रुतलेले शिशाचे छरे प्युरिटन (कट्टर प्रॉटेस्टंट पंथीय) सैनिकांचे, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. कथा रंगतदार आहे, पण तिला आधार नाही. दुरुस्तीच्या वेळी निघालेले छरे अठराव्या शतकातले ठरले आणि १७६१ च्या चर्चच्या हिशेबात आत शिरणारे जॅकडॉ, म्हणजे कावळ्याच्या कुळातले छोटे पक्षी, मारण्यासाठी बंदुकीची दारू व छऱ्यांचा खर्च मांडलेला आहे.