जुनं सोन्याचं नाणं रोमन आहे का? आधी वजन, मग पाणी

आजीच्या माळेतली पुतळी ‘रोमन नाणं’ म्हणून दाखवली जाते. पुतळीचं मूळ बहुधा व्हेनिसच्या ‘डुकाट’ या सोन्याच्या नाण्यात. डुकाट 1284 पासूनचं, वजन साडेतीन ग्रॅम. त्यावर उभा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख. ‘ऑरियस’ या रोमन सोन्याच्या नाण्यावर सहसा सम्राटाचं एकच मस्तक असतं, बाजूने पाहिलेलं, आणि भोवती लॅटिन भाषेतली मोठी (कॅपिटल) अक्षरं. त्यात ‘यू’ नसतो, त्या जागी ‘व्ही’ असतो.

वजनावरून काळ कळतो. ऑगस्टस-टायबेरियस या पहिल्या सम्राटांचं नाणं सुमारे 7.8 ग्रॅम. नीरोने इ.स. 64 च्या सुमारास एका रोमन पौंडात 45 नाणी पाडायला लावली, तेव्हा ते 7.3 च्या आसपास आलं. नंतरच्या कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या ‘सॉलिडस’ या सोन्याच्या नाण्याची पौंडात 72 पाडत, म्हणजे साडेचार ग्रॅम.

आता घनता. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन त्याने भागा. 7.25 ग्रॅमच्या नाण्याला 0.38 आलं, तर घनता 19.1. शुद्ध सोन्याची 19.3, आणि पहिल्या-दुसऱ्या शतकातला ऑरियस जवळजवळ शुद्धच असे. बावीस कॅरटला 0.41 येईल, शिशावर सोन्याचा मुलामा असेल तर थेट 0.64 च्या आसपास.

पण 0.38 ऐवजी 0.39 वाचलं, तर उत्तर 18.6 वर घसरतं. म्हणून सराफाचा मिलिग्रॅमचा काटाच हवा. अक्षरांच्या खाचेत अडकलेला हवेचा बुडबुडाही घनता कमी दाखवतो. पाणी उकळून गार करा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. कडी डाखलेली असेल तर हा हिशेब धरू नका. कसोटीवर मात्र घासू नका, तो ओरखडा कायमचा.

चोवीस कॅरटचं नवं बनावट नाणं या परीक्षेत पास होतं. तिथे दहापट भिंग लागतं. ठशाखाली दबलेलं सोनं कडेकडे सरकतं, त्याच्या बारीक रेषा अक्षरांच्या पायथ्याशी दिसतात. ओतीव नाण्यात अक्षरं गोलसर, पृष्ठभागावर बारीक खड्डे, कडेला कानशीचे घाव. दोन नाण्यांचा ठसा एकच असणं स्वाभाविक आहे. पण ओरखडाही त्याच जागी असेल, तर निदान एक तरी नक्कल आहे.

‘तांदूळ ओढणारं नाणं’ विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. सोनं लोहचुंबकालाही चिकटत नाही, तांदळाला कुठून ओढणार?

सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीचा काप दिसला, म्हणून नाणं बाद करू नका. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला 1898 मध्ये 501 ऑरियस सापडले. त्यांतल्या बहुतेकांवर असाच काप आहे.